फक्कीच्या रेघेवर दोघंच

मराठवाड्यातून परतताना माझ्या बॅगेत शाली होत्या, नारळ होते आणि एका फेट्याचं भलंमोठं गाठोडं होतं. एवढा मान मला पुण्यात सगळ्या हयातीत मिळालेला नाही. ज्या कामासाठी गेले होते ते मात्र झालं नाही. उदगीरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राची एक जागा भरायची होती. विद्यापीठानं मला निवड समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून पाठवलं होतं, आणि ती जागा जिला मिळायला हवी होती तिला मिळाली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी काहीतरी चांगलं होईल या आशेवर कुणी वाचायला नको.

मी अणूंवर काम करते. रुबिडियम नावाच्या धातूची वाफ घ्यायची, लेसरनं ती इतकी थंड करायची की अणू जवळजवळ जागच्या जागी थांबतात, आणि मग ते एकमेकांशी किती वेळ मेळ राखतात ते बघायचं. या मेळाला आमच्यात कोहेरन्स म्हणतात. सगळा जन्म यात घालवला. उदगीरला तज्ज्ञ म्हणून जायचं ठरलं, तेव्हा नांदेड आणि लातूरच्या लोकांनीही व्याख्यानं ठेवली. आलाच आहात तर, असं म्हणून आपल्याकडे पाहुण्याकडून काहीही करून घेता येतं.

नांदेड

सकाळी गाडीतून उतरले तेव्हा मला न्यायला जेवढी माणसं आली होती, त्यातली निम्मीसुद्धा नंतर व्याख्यानाला दिसली नाहीत. समई पेटेना म्हणून पंखे बंद केले. समई पेटली, पण पंखे पुन्हा लावायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मग सत्कार सुरू झाले. आधी माझा, मग माझी ओळख करून देणाऱ्यांचा, मग मला स्टेशनवरून आणणाऱ्यांचा. शाल घालणाऱ्याला शाल घालायची राहून गेली होती, म्हणून त्याला परत व्यासपीठावर बोलावलं. माझ्या बोलण्याला जो वेळ उरला त्यात मी जे सांगितलं ते इथंही सांगते, कारण पुढे ते लागणार आहे.

प्रत्येक अणूत एक काटा फिरतो आहे असं धरा. लेसरचा एक ठोका दिला की सगळे काटे एका जागेवरून एकदम निघतात. पण प्रत्येकाची चाल सारखी नसते. कुणी किंचित जलद, कुणी किंचित सावकाश. हळूहळू ते पांगतात आणि पडद्यावरचा सिग्नल विझतो. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. पण नेमक्या वेळी दुसरा ठोका दिला, तर जो जितका पुढे गेला होता तो तितकाच मागे टाकला जातो. चाल मात्र ज्याची त्याचीच राहते. त्यामुळे पांगायला जेवढा वेळ लागला तेवढ्याच वेळात सगळे पुन्हा एका जागी येऊन पोचतात आणि विझलेला सिग्नल परत उमटतो. आम्ही त्याला प्रतिध्वनी म्हणतो. अट एकच. प्रत्येकानं आपली चाल शेवटपर्यंत सोडायची नाही. दुसऱ्यापेक्षा वेगळी असली तरी काही बिघडत नाही. पण मध्येच कुणाच्या तरी धक्क्यानं ज्याची चाल बदलली, तो अणू हिशेबातून गेला. तो परत येत नाही.

आभार मानताना एक प्राध्यापक म्हणाले की, मॅडमनी अणुबॉम्बचा विषय अत्यंत सोप्या भाषेत समजावून सांगितला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

दुपारी रिक्षानं गुरुद्वाऱ्याकडे निघाले. उतरताना शाल मुद्दाम सीटवरच ठेवली. बॅगेत जागा नव्हती आणि पुढे आणखी येणार हे दिसतच होतं. दहा पावलं गेले असेन, तोच रिक्षावाला मागून पळत आला.

"ओ मॅडम, तुमचा मान इसरला की रिक्षात."

"राहू द्या तुम्हाला."

"मला काय करायचाय मान? थंडी तर पडना इकडं. भाडं भेटलं, बस झालं." शाल माझ्या हातात कोंबून तो निघूनही गेला.

लंगरमध्ये मी पंगतीला बसले. एका बाजूला ट्रकचालक होता, दुसऱ्या बाजूला बोटाबोटांत अंगठ्या घातलेला कुणी व्यापारी. पोळी घ्यायला दोन्ही हात पुढे करायचे, एवढा एकच नियम. मी कोण, कुठली, कशाची तज्ज्ञ, हे वाढणाऱ्यानं विचारलं नाही. डाळ गरम होती. सगळ्या प्रवासात मनासारखं जेवण म्हणाल तर तिथंच झालं, कारण तिथं कुणी मला आधी जेवायला लावून स्वतः ताटकळत उभं नव्हतं.

लातूर

लातूरमध्ये शिरताना शेतं संपतात आणि चेहरे सुरू होतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होर्डिंगांवर मुलामुलींचे फोटो, खाली गुण, वर क्लासचं नाव. हसणारं एकही पोर मला दिसलं नाही. फोटो काढणाऱ्यानं हसू नका असं सांगितलं असेल म्हणावं, तर सगळ्यांचा फोटोग्राफर एकच कसा असेल?

व्याख्यान एका मोठ्या सभागृहात होतं. मुलं अत्यंत शिस्तीत बसली होती. मी अणूच्या दोन स्थिती फळ्यावर काढल्या आणि विचारलं, "मोजण्याआधी हा अणू कुठल्या स्थितीत आहे असं तुम्हाला वाटतं?" कुणी बोलेना. मी पुन्हा विचारलं. चुकलं तरी चालेल म्हटलं. शेवटी पहिल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि नम्रपणे म्हणाली, "मॅडम, ऑप्शन सांगा ना."

मी म्हटलं, "ऑप्शन नाहीत. विचार करून सांग."

ती बसली. चार पर्याय दिले असते तर त्या पोरीनं डोळे मिटून बरोबर उत्तर दिलं असतं, याची मला खात्री आहे. पुढचा तासभर मी बोलले आणि त्यांनी लिहून घेतलं. मी मध्ये एक विनोद केला, तोही लिहून घेतला. संध्याकाळी यजमानांनी धपाटे आणि दही खायला घातलं, शेंगदाण्याची चटणी होती, फार चवदार होतं सगळं. त्यांनी विचारलं, "आमची लेकरं कशी वाटली?" मी म्हटलं, शिस्तीची आहेत. त्यांना फार आनंद झाला.

उदगीर

उदगीरच्या स्टँडवर मला घ्यायला एक बाई उभ्या होत्या. चाळिशीच्या अलीकडच्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. माझ्या हातातली बॅग त्यांनी घेतली आणि चालायला लागता लागताच बोलून टाकलं.

"मॅडम, मी महानंदा. उद्याच्या मुलाखतीत मी पण हाय. म्हणून तुमच्याशी कामापुरतंच बोलणार. राग नका मानू."

हे नाव मला माहीत होतं. अणूंच्या वाफेतल्या कोहेरन्सवरचा तिचा शोधनिबंध मी पुण्यात वाचला होता. नांदेडला डॉक्टरेट केलेली, साध्या सामानावर नेटकं काम करणारी. उमेदवारांच्या नावांत तिचं नाव पाहिलं तेव्हाच मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, एकदा तरी तज्ज्ञ होण्याचा काही उपयोग होईल.

"मग मला घ्यायला तुम्हालाच कसं पाठवलं?" मी विचारलं.

"तासिकावाल्यांनाच पाठवतेत. पर्मनंट लोकांना कामं असतेत."

तासिकावाले म्हणजे तासावर शिकवणारे. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुट्टीत काहीच नाही, आणि दर वर्षी जूनमध्ये पुन्हा अर्ज. महानंदा त्या कॉलेजात कित्येक वर्षं अशीच शिकवत होती. कायमची जागा निघायची ती आत्ता निघाली होती, आणि तिच्या वयाकडे बघता पुन्हा निघेपर्यंत ती नोकरीच्या वयात राहील का हा प्रश्नच होता. हे तिनं सांगितलं नाही. ती पुढे चालत होती आणि मी धापा टाकत तिच्या बरोबर राहायचा प्रयत्न करत होते. बाई चालायच्या फार भराभर. मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून जाताना हवेत डाळीच्या गिरण्यांची धूळ होती, पोत्यांनी भरलेले ट्रक आडवे उभे होते, त्यांच्यामधून ती वाट काढत गेली आणि मीही गेले.

कामाचं बोलायचं म्हणून तिनं दुपारच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. "दर वर्षी सेकंड इयरच्या लेकरांना मी मैदानावर चालायला लावते. फळ्यावर सांगून प्रतिध्वनी कळत न्हाई. चालून कळतो."

प्रयोग ऐकून मला तिचा हेवा वाटला. मैदानावर पांढरी फक्की मारून एक रेघ आखायची. सगळ्यांनी रेघेवर उभं राहायचं. शिट्टी झाली की ज्यानं त्यानं आपापल्या चालीनं सरळ पुढे निघायचं. थोड्या वेळात सगळे मैदानभर पांगतात. दुसरी शिट्टी झाली की जिथं असाल तिथं मागे वळायचं आणि त्याच चालीनं परत यायचं. जो जलद चालतो तो लांब गेलेला असतो, त्याला परतीचं अंतर जास्त. जो सावकाश चालतो तो जवळच असतो. म्हणून कुणीही न ठरवता सगळे एकाच वेळी रेघेवर येऊन पोचतात. लेसर नाही, अणू नाहीत, आणि कोहेरन्स अंगातून कळतो. मी तीस पानं खर्ची घालून जे सांगते ते तिनं एका फक्कीच्या पुड्यात बसवलं होतं.

माझं व्याख्यान या प्रयोगानंच सुरू करायचं ठरलं. मुलं रेघेवर उभी राहिली, काही प्राध्यापकही उत्साहानं आले. क्रीडाशिक्षक शिट्टी घेऊन बाजूला उभे राहिले. लांबवर किल्ल्याचा बुरूज दिसत होता, ऊन तापलं होतं. तेवढ्यात प्राचार्य धावत आले. अण्णा आले होते.

अण्णा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. मोंढ्यात त्यांची धान्याची आडत आहे, शाळा आहेत, कॉलेज आहे. पांढरे कपडे, साठी उलटलेली, एका पायाचा गुडघा दुखरा. त्यांच्यावर छत्री धरून एक तरुण सर चालत होते. तेही तिथंच तासिकेवर होते आणि तेही उद्याचे उमेदवार, हे मला नंतर कळलं. अण्णांनी प्रयोग समजून घेतला आणि म्हणाले, "मंग आमी बी चालतो की. विज्ञान म्हनजे सगळ्यांचंच हाय."

महानंदा म्हणाली, "चला की अण्णा. फक्त आपल्या चालीनं चाला. कुणासाठी थांबायचं न्हाई, कुणासाठी पळायचं न्हाई."

शिट्टी झाली. अण्णा निघाले, सावकाश, एका पायावर जरा भार देत. आणि मी जे पाहिलं ते आजवर कुठल्याही प्रयोगात पाहिलं नव्हतं. कुणीच अण्णांच्या पुढे गेलं नाही. धट्टीकट्टी विशीतली पोरं, खो-खो खेळणाऱ्या मुली, प्राध्यापक मंडळी, सगळे एकदम मंदावले आणि अण्णांच्या मागे एका घोळक्यात चालायला लागले. पावलं टाकायची पण पुढे जायचं नाही, अशी ती चाल होती. कुणी जागच्या जागी पाय हलवत होतं. अण्णा मला पुण्याच्या लेसरची किंमत विचारत होते आणि मी सांगत होते. एकटी महानंदा आपल्या नेहमीच्या चालीनं पुढे निघून गेली होती, पार त्या टोकाच्या कडुलिंबाच्या झाडाकडे.

दुसरी शिट्टी झाली. सगळे मागे वळले, आणि वळल्याबरोबर घोटाळा झाला. आत्तापर्यंत जे अण्णांच्या मागे होते ते आता पुढे झाले होते, आणि अण्णांकडे त्यांची पाठ झाली होती. अशी गोष्ट त्या आवारात बहुधा कधी घडलीच नव्हती. क्षणभर सगळे थबकले. मग लोक दोन्ही बाजूंना सरकले, मधून वाट झाली, अण्णा त्या वाटेनं आपल्या चालीनं गेले, आणि ते पुढे गेल्यावर घोळका पुन्हा त्यांच्या मागे लागला. छत्रीवाले सर तेवढ्यात या बाजूचे त्या बाजूला झाले, कारण ऊन आता दुसरीकडून येत होतं. मला हसू आवरेना. म्हटलं, पुण्यात जाऊन सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

अण्णा रेघेवर पोचले. त्याच वेळी, अगदी त्याच पावलाला, लांबून चालत आलेली महानंदाही रेघेवर पोचली. दोघं शेजारी शेजारी उभे. घोळका चार हात मागे. प्रयोग इतका चोख झाला होता की मी स्वतःच्या प्रयोगशाळेत असते तर ओरडले असते. एका विद्यार्थिनीनं टाळी वाजवली, आणि आपण एकटीच वाजवतोय हे लक्षात आल्यावर थांबली.

महानंदानं पदरानं घाम पुसला आणि वर्गात सांगावं तसं मुलांना सांगितलं, "बघा, रेघेवर दोघंच आलो. अण्णा आणि मी. कारण आमी दोघांनीच आपली चाल सोडली न्हाई. बाकीच्यांनी मधीच बदलली. त्यांचा मेळ गेला."

शब्दन् शब्द बरोबर होता. अण्णा हसले आणि म्हणाले, "मेळ गेला कसा? सगळी संस्था एका जागी आली की. तुमीच एकल्या तिकडं लांब गेल्ता." मग सगळे हसले, बराच वेळ.

व्याख्यानानंतर अण्णांनी अध्यक्षीय भाषण केलं. कोहेरन्स ही गोष्ट आपल्या संस्थेत पहिल्यापासून आहे, आज मॅडमनी तिला फक्त शास्त्रीय नाव दिलं, असं ते म्हणाले. मला फेटा बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला सुशीला होता. चुरमुरे भिजवून फोडणीला टाकलेले, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. तो खाऊन मी समितीत बसले. अण्णा अध्यक्ष, प्राचार्य, आणखी दोघं, आणि मी.

छत्रीवाले सर आधी आले. मी त्यांना कोहेरन्स म्हणजे काय ते विचारलं. ते म्हणाले, "सर्व अणूंनी एकदिलानं, एका नेतृत्वाखाली राहणं." मी विचारलं, अणूंचा नेता कोण? ते अडले. अण्णा म्हणाले, "पोरगं घाबरलंय, पुढचं इचारा." पुढचंही त्यांना आलं नाही.

महानंदा आली. मी जे जे विचारलं ते तिनं फळ्यावर मांडलं, एकही अवांतर शब्द न बोलता. हरवलेला मेळ कुठला परत मिळवता येतो आणि कुठला येत नाही, यावर ती जे बोलली ते मी माझ्या विद्यार्थ्यांना आता तसंच सांगते. तिचं झाल्यावर प्राचार्यांनी घसा खाकरला.

"मॅडम, काल तुम्ही एकट्याच एवढ्या पुढे का गेलात?"

"प्रयोग तसा होता सर."

"पण अण्णा चालत होते ना?"

"अण्णा बी प्रयोगातच होते," महानंदा म्हणाली.

ती गेल्यावर मी बोलले. भरपूर बोलले. दोन उमेदवारांत तुलनाच नाही म्हटलं. मेळ म्हणजे मागे मागे चालणं नव्हे, हे तरी कालच्या प्रयोगातून समजायला हवं होतं म्हटलं. आवाज चढला माझा. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हुशार हायत त्या बाई. न्हाई कोन म्हनतंय?" ते म्हणाले. "पन मॅडम, तुमी उद्या पुन्याला जानार. आमाला इथं पुढची पंचवीस वर्षं काढायचीत त्या मानसासंगं. मानपान कळला पायजे."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, मग माझा विरोध मी लेखी नोंदवणार.

"लिवा की. तुमचं मत तुमी लिवायलाच पायजे. त्यासाठीच तर बोलावलंय तुमाला." त्यांनी मला स्वतःचं पेन दिलं.

मी लिहिलं. कडक लिहिलं. इतरांनी त्याखाली शांतपणे सह्या केल्या आणि जागा छत्रीवाल्या सरांना गेली. मग शाल मागवण्यात आली. पुण्यात माणसाचं मत डावलायचं असलं तर त्याच्या मेलला उत्तर देत नाहीत. इथं शाल घालतात, आणि ती मी घालून घेतली.

रेणापूर

महानंदा निकाल कळल्यावर आईवडिलांकडे रेणापूरला गेली होती. माझी पुण्याची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लातूरहून होती, तिथून रेणापूर जवळच. म्हटलं, भेटून जावं. खरं सांगायचं तर तिनं माझ्याबद्दल वाईट समज करून घेऊ नये असं मला वाटत होतं. मी लढले होते, हे तिला कळायला हवं होतं.

सोयाबीन निघून रानं मोकळी झाली होती, मधून मधून तूर उभी होती. घर गावाच्या कडेला, पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये फवारणीचा पंप आणि दोन म्हशी. वडील शेतात होते. आईनं मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि समोर बसून थेट विचारलं.

"बाई, तुमी परीक्षा घेतली म्हनं आमच्या पोरीची. पास न्हाई झाली का ती?"

"पास झाली," मी म्हटलं. "पहिली आली."

"मंग?"

तेवढ्यात महानंदा आतून ताट घेऊन आली आणि म्हणाली, "आई, त्यांना जेवू दे आधी." ज्वारीची भाकरी होती, येसराची आमटी, ठेचा, कांदा. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, इकडं घरोघरी असतं. आमटी झणझणीत होती, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं तरी कुणाला काही सांगावं लागलं नाही.

"पुन्हा कवा निघंल जागा?" आईनं विचारलं.

"निघेल लवकरच," मी म्हटलं. मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

आई भाकऱ्या थापायला आत गेल्यावर मी महानंदाला सांगितलं, "मी विरोध नोंदवलाय. लेखी. नाव घेऊन."

"कळलं मॅडम." ती म्हशीपुढे कडबा टाकत होती. ती रडली नव्हती, किंवा रडून झालं होतं. थोड्या वेळानं हात झटकून ती माझ्यासमोर बसली. "आता मुलाखत झाली. आता बोलले तर चालतंय. एक विचारू?"

"विचार की."

"तुमी अण्णांच्या मागं का चालत होता?"

मला आधी काही कळेना. मग मैदान डोळ्यांपुढे आलं. "अगं, ते मला लेसरबद्दल विचारत होते. मी पाहुणी होते, त्यांच्याशी बोलत होते."

"हाव. पण स्टँडवरून येताना तुमची चाल मी बघितली ना. मला गाठत होता तुमी. तशा चालला असता तर निम्म्या मैदानापर्यंत गेला असता." तिच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर सोपं गेलं असतं. "दुसऱ्या शिट्टीला तर तुमी बाजूला झाला. वाट दिली अण्णांना. मी येता येता बघून राहिले होते."

मी आठवून पाहिलं. झाले होते. लोक सरकले तशी मीही सरकले होते, हसू दाबत, दोन्ही हात पुढे बांधून, आदबीनं. आणि मी हसत होते ती त्याच लोकांना.

"लेकरांचं मला काही वाटत न्हाई," महानंदा म्हणाली. "त्यांना तिथंच दिवस काढायचेत. तुमाला कुणी काय करणार होतं? तुमी आला असता तर रेघेवर तिघं झालो असतो मॅडम. दोघं एकदम आले तर लोक म्हणतेत, बाई मुद्दाम अण्णांच्या बरोबर येऊन उभी राहिली. तिसरं माणूस आलं असतं तर प्रयोग हाय म्हणून दिसलं असतं."

आई गरम भाकरी घेऊन बाहेर आली आणि नको म्हणत असताना तिनं ती माझ्या ताटात टाकली. मी ती सगळी खाल्ली. निघताना मी माझ्याजवळच्या शालींमधली एक त्या माउलीला द्यायला काढली. महानंदानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी शाल परत बॅगेत ठेवली.

पुणे

परत येऊन बरेच दिवस झाले. प्रयोगशाळा ठीक चालली आहे. रोज सकाळी पहिला ठोका देतो, सिग्नल विझतो, दुसरा ठोका देतो, आणि पडद्यावर प्रतिध्वनी उमटतो. विद्यार्थ्यांना त्याचं कौतुक उरलेलं नाही. मला मात्र आता तो बघवत नाही. कुणालाही वाट न देता, कुणाच्याही मागे न राहता इतके अणू वेळेवर येऊन पोचतात, त्याचा राग येतो. महानंदाला पुण्यात एखादी जागा बघते म्हणून मी फोन केला होता. ती म्हणाली, बघा मॅडम, आणि पुढच्या तासाची वेळ झाली म्हणून तिनं फोन ठेवला. जूनमध्ये तिनं पुन्हा तासिकेसाठी अर्ज केला आहे. तिच्या विभागातले कायमचे सर आता तिला वेळापत्रक लावून देतात.

परवा आमच्या इमारतीच्या लांब व्हरांड्यातून मी प्रयोगशाळेकडे निघाले होते. लेसर चालू ठेवून आले होते, घाई होती. पुढे आमचे संचालक चालले होते, फोनवर बोलत, अगदी सावकाश. व्हरांडा चांगला रुंद आहे. बाजूनं सहज जाता आलं असतं.

मी त्यांच्या मागून चालत राहिले, शेवटच्या दारापर्यंत.